सगळी झाडं एकदम कशी फुलतात?

प्रश्न : ताई, टोकियोतली चेरीची झाडं एकाच वेळी कशी काय फुलतात? – एक वाचक, सातारा

उत्तर : त्यातली बहुतेक 'सोमेई योशिनो' या एकाच जातीची, कलमं करून वाढवलेली. म्हणून ऊब मिळाली की सगळी एकदम उमलतात. यासुकुनी देवळाच्या आवारात नमुन्याचं झाड आहे. हवामान खात्याचा माणूस त्याखाली उभा राहून फुलं मोजतो. ५-६ उमलली की टोकियोत बहर सुरू झाल्याचं जाहीर होतं.

मला मात्र नारा प्रांतातल्या योशिनो डोंगरावरची रानचेरी, यामाझाकुरा, जास्त प्रिय. तिथे प्रत्येक झाडाची छटा निराळी, फुलांसोबतच तांबूस कोवळी पालवी फुटते. एप्रिलच्या सुरुवातीला जा. पायथ्याची झाडं आधी फुलतात, माथ्यावरची मागून.