धडगावकडच्या अ‍ॅम्ब्युलन्सवर टीम लीडर झालोय, सुरुवात कुठून करू?

भाऊ, शिफ्ट बदलताना स्वतः गाडीत चढून ऑक्सिजनचा काटा बघत जा, रजिस्टरवरच्या टिकमार्कवर विसंबू नका. बी टाइप सिलेंडर फुल असला तरी साधारण १५०० लिटर, मिनिटाला १० लिटरने लावला की अडीच तासात खलास, आणि पावसाळ्यात धडगावच्या रस्त्यावरच्या चांदसैली घाटात दरड पडली तर तेवढा वेळ तिथेच जातो, म्हणून स्पेअर भरलेलाच पाहिजे. उन्हाळ्यात ऑक्सिटोसिन (बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखायचं इंजेक्शन) आइसबॉक्समध्येच ठेवा, डॅशबोर्डवर नाही.

टीममधल्या पोरांचं म्हणाल तर, पाड्यावरून बांबूच्या झोळीत आणलेली बाळंतीण आमच्या हातात दगावली तेव्हा माझा ड्रायव्हर रात्रभर स्टेअरिंग धरून बसला होता, त्याला लगेच दुसरा कॉल दिला नाही, शेजारी बसून चहा पाजला. असं करायला लाजू नका.