तुमचे प्रश्न: दिव्या, व्हेरा आणि पुरुषांच्या पटावर बसलेल्या रोहिणीताई

प्रश्न: दिव्या देशमुखने २०२५ ला बाटुमीमध्ये महिला बुद्धिबळाचा वर्ल्ड कप जिंकला, म्हणजे ती वर्ल्ड चॅम्पियन झाली ना? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर यावरून दोन तट पडलेत. (एक वाचक, नागपूर)

नाही झाली हो, पण म्हणून तिने जे केलं ते लहान होत नाही. वर्ल्ड कप ही नॉकआउट स्पर्धा आहे, दोन क्लासिकल म्हणजे तासन् तास चालणारे डाव, बरोबरी झाली तर रॅपिड म्हणजे कमी वेळाचे, हरलात की बॅग भरा. चॅम्पियनशिपची मॅच वेगळी, त्यात गादीवर जी बसलीय तिला एकटीने आव्हान द्यायचं असतं आणि तिथवर जायचा रस्ता कँडिडेट्स नावाच्या निवड स्पर्धेतून जातो, दिव्याला वर्ल्ड कपने त्या कँडिडेट्सचं तिकीट दिलं. गादीवर तेव्हा होती चीनची जू वेनजून, २०१८ पासूनची चॅम्पियन, तिने त्याच वर्षी तान झोंगयीला ६.५-२.५ असं चोपलं होतं. आणि त्याच तान झोंगयीला आपल्या नागपूरच्या पोरीने बाटुमीत सेमीफायनलला घरी पाठवलं. फायनलला समोर कोनेरू हंपी, जी स्वतः २०११ ला तिरानामध्ये चॅम्पियनशिपची मॅच खेळून होऊ यिफानकडून हरलेली, म्हणजे अनुभवाचा डोंगर. दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत, रॅपिडचा पहिलाही बरोबरीत, दुसरा दिव्याने काढला. ग्रँडमास्टर किताबासाठी स्पर्धांमधून जमवावा लागतो तो एकही नॉर्म खिशात नसताना ती गेली होती आणि ग्रँडमास्टर होऊनच परत आली, कारण हा कप जिंकणारीला तो किताब थेट मिळतो.

ग्रुपवर सांगा, भांडू नका.

प्रश्न: बायकांची वर्ल्ड चॅम्पियनशिप सुरू कधी झाली? पहिली चॅम्पियन कोण? (एक वाचक, सांगली)

१९२७, लंडन. देशादेशांच्या पुरुष संघांची स्पर्धा, म्हणजे पहिलं ऑलिंपियाड, तिथे चालू होतं, त्याच्याच जोडीला बारा जणींची स्पर्धा घेतली. जिंकली व्हेरा मेंचिक, अकरा डावांत साडेदहा गुण, म्हणजे फक्त एक बरोबरी. वय एकवीस. जन्म मॉस्कोचा, वडील चेक, आई इंग्लिश, क्रांतीनंतर घरदार सोडून ती इंग्लंडमध्ये हेस्टिंग्जला आली तेव्हा तिला इंग्लिश धड येत नव्हतं, आणि पटावर बसलं की बोलावं लागत नाही. पुढे १९३९ पर्यंत जेवढ्या चॅम्पियनशिप स्पर्धा झाल्या तेवढ्या सगळ्या तिनेच जिंकल्या, एकूण ८३ डाव आणि हार एक.

पण माझ्या मते तिचं खरं काम तिथलं नाहीच. ती पुरुषांच्या स्पर्धांत जाऊन बसायची. १९२९ ला कार्ल्सबादला तिचं नाव बघून व्हिएन्नाचे अल्बर्ट बेकर चेष्टेत म्हणाले की हिच्याकडून जो हरेल त्याला 'व्हेरा मेंचिक क्लब'चा मेंबर करू या. पहिले मेंबर कोण झाले? स्वतः बेकर! आता खरं सांगायचं तर त्या स्पर्धेत ती तळाला राहिली, हे किस्सा सांगणारे बरेचदा गाळतात, पण त्याच वर्षी रॅम्सगेटला ती पोलंडच्या रुबिनस्टाइनच्या बरोबरीने दुसरी आली, माजी वर्ल्ड चॅम्पियन कापाब्लांकाच्या फक्त अर्धा गुण मागे. क्लबचे मेंबर वाढतच गेले. आपल्याकडचे मीर सुलतान खान त्यात आहेत, अमेरिकेचे रेशेव्स्की आहेत, आणि हॉलंडचे मॅक्स युवे तर हेस्टिंग्जला दोनदा हरून आत आले, हेच युवे १९३५ ला अलेखिनला हरवून वर्ल्ड चॅम्पियन झाले. युवेंचं नाव लक्षात ठेवा, पुढच्या उत्तरात लागणार आहे.

१९४४ च्या जूनमध्ये लंडनवर पडलेल्या जर्मन व्ही-१ बॉम्बने व्हेरा, तिची आई आणि बहीण तिघी घरातच गेल्या. चॅम्पियन असतानाच गेली त्यामुळे गादी रिकामी, ती भरायला १९४९-५० च्या हिवाळ्यात मॉस्कोत सोळा जणींची स्पर्धा झाली आणि ल्युडमिला रुडेंको जिंकली. तिथून सोव्हिएत बायकांचं राज्य. १९६२ ला जॉर्जियाची नोना गाप्रिंदाश्विली आली, सोळा वर्षं टिकली, १९७८ ला तिला तिच्याच जॉर्जियाच्या सतरा वर्षांच्या माया चिबुर्दानिद्झेने उतरवलं. १९९१ ला शिए जुनने गादी चीनला नेली. दिव्याने कप जिंकला ते बाटुमीही जॉर्जियातच, नोनाच्या देशात. आणि व्हेराच्या नावाचा कप आजही महिला ऑलिंपियाडच्या विजेत्या संघाला देतात, २०२४ ला बुडापेस्टला तो भारताने घेतला.

प्रश्न: बुद्धिबळात ताकद लागत नाही मग बायकांची वेगळी स्पर्धा कशाला? माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, तिला मुलींच्यात खेळवू की ओपनमध्ये? (एक आई, ठाणे)

दोन्हीकडे खेळवा ताई. ओपन म्हणजे फक्त मुलांचं असं काही नसतं, तिथे कोणीही बसू शकतं. पण हे आज आपण इतक्या सहज बोलतोय त्यामागे एक मुंबईची मुलगी आहे. 'नवाकाळ'चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली, वासंती, जयश्री, रोहिणी. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९७४ ला सुरू झाली, पहिल्या वर्षी वासंती, दुसऱ्या वर्षी जयश्री, तिसऱ्या वर्षी रोहिणी, आणि पहिलं दशक किताब त्या घरातून बाहेर गेलाच नाही. रोहिणीताई १९७६ ला पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, वय तेरा, आणि जो गदारोळ झाला तो हायकोर्टापर्यंत गेला. शेवटी जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या अध्यक्षांनी निर्णय दिला की बाईला राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय चॅम्पियनशिपमधून बाईपणामुळे अडवता येणार नाही. अध्यक्ष कोण? तेच मॅक्स युवे, क्लबचे मेंबर.

वेगळ्या स्पर्धेचं म्हणाल तर माझं मत असं की ती असावी, तिच्यामुळे बक्षिसं मिळतात, किताब मिळतात, पेपरात नाव येतं, प्रवासाचा खर्च निघतो, आणि हॉलमध्ये शंभर मुलगे आणि चार मुली असं चित्र असलं की मुली लवकर सोडतात ते तरी थांबतं. फक्त तेवढ्यावरच राहू नये, खेळ कडक होतो तो ओपनमध्येच.

प्रश्न: चॅम्पियन बायकांच्या यादीत हंगेरीची ज्युडिट पोल्गर का नाही? (एक वाचक, पुणे)

कारण ती खेळलीच नाही. मोठी बहीण सुझन १९९६ ला महिला चॅम्पियन झाली, ज्युडिटने ती वाटच धरली नाही, १९९१ ला पंधराव्या वर्षी सर्वांत लहान वयाचा बॉबी फिशरचा विक्रम मोडून ग्रँडमास्टर झाली आणि पुढे पुरुषांच्यात खेळत जगात आठव्या नंबरपर्यंत गेली, रेटिंग २७३५. २००२ ला मॉस्कोत रॅपिडमध्ये तिने तेव्हा जगात पहिल्या नंबरवर असलेल्या कास्पारोव्हला हरवलं, तो डाव नेटवर सहज सापडतो. ठाण्याच्या ताईंनी लेकीला तो जरूर दाखवावा, काळी मोहरी कास्पारोव्हची आहेत.