जुन्या कॉम्प्युटरवर टर्मिनल प्रोग्रॅममध्ये मधेच भलतीच अक्षरं उमटतात. केबल बदलू का?

नका बदलू. निदान आज तरी नका.

तुमचं ४८६ मशीन, त्यावर डॉसमधला टर्मिनल प्रोग्रॅम, सिरियल पोर्टवरून पलीकडे युनिक्स सर्व्हर. मजकूर "बराचसा वाचता येतो", पण अधूनमधून ग्रीक अक्षरं आणि ठोकळे येतात. हे "बराचसा वाचता येतो" तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मेख तिथेच आहे. बॉड रेट, म्हणजे पाठवण्याचा वेग, चुकला असता तर एक शब्द धड लागला नसता.

मी नोकरीत नवखी होते तेव्हा हुबेहूब हेच झालं होतं. स्क्रीनवर इंग्रजीत लॉगिन यायचं त्यातले एल, ओ, आय जागच्या जागी, पुढचा कोलनही शाबूत. पण जीच्या जागी ग्रीक टाऊ आणि एनच्या जागी एप्सिलॉन. दोन शब्दांमधल्या प्रत्येक मोकळ्या जागेत डोक्यावर तिरकी रेघ असलेला ए बसलेला. साहेबांनी मशीनमागे वाकून कनेक्टर हलवला आणि निदान केलं: केबल. नवी केबल आली. तेच. मग दुसरी. मग म्हणाले, व्हायरस असेल. (अक्षरं पडद्यावरून खाली घरंगळवणारा कॅस्केड नावाचा व्हायरस तेव्हा खरंच होता, त्यामुळे हे अगदीच हवेतलं नव्हतं.) मग तिसरी केबल. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मला खटकत होतं ते एवढंच, की रोज तीच अक्षरं बिघडत होती. ०, ३, ५, ६, ९ कायम नीट. १, २, ४, ७, ८ कायम ठोकळे नाहीतर रेघा. सैल केबल आकडे निवडून खात नाही हो! एका संध्याकाळी सगळे गेल्यावर मी पाठकोऱ्या कागदावर आस्की तक्ता (कोणत्या अक्षराला शून्य-एकांचा कोणता आकडा ते सांगणारा) मांडून बसले. एल म्हणजे ११०११००, त्यात एक चार वेळा. जी म्हणजे ११००१११, एक पाच वेळा. एन, पुन्हा पाच. ज्याच्यात एकांची संख्या सम ते अक्षर सुखरूप, विषम ते बिघडलेलं. सर्व्हर सात बिट (शून्य-एकाच्या सात जागा) आणि ईव्हन पॅरिटीने, म्हणजे एकांची एकूण संख्या सम व्हावी म्हणून आठवा बिट जोडून, पाठवत होता, आमचा प्रोग्रॅम आठ बिट, पॅरिटी नाही, असं समजून वाचत होता. त्यामुळे पॅरिटीचा बिट अक्षराचाच भाग धरला जाऊन १२८ ची भर पडायची. जी १०३, त्याचे झाले २३१, आणि डॉसच्या ४३७ कोड पेजमध्ये (आकड्यागणिक कोणतं चिन्ह दाखवायचं त्या यादीत) २३१ म्हणजे टाऊ. मोकळी जागा ३२, तिचे १६०, म्हणजे तो रेघवाला ए.

आमच्याकडे प्रोकॉम नावाचा टर्मिनल प्रोग्रॅम होता. आल्ट-पी दाबून ८-एन-१ (आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट) चं ७-ई-१ (सात बिट, ईव्हन पॅरिटी) केलं आणि पडदा लख्ख.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, स्क्रीन बघितली आणि म्हणाले, "बघ, नव्या केबलचा फरक! आधीच चांगली मागवायला हवी होती." मी कागद पुढे केला. तो त्यांनी फायलीखाली सरकवला.

तर आधी कोणती अक्षरं बिघडतात ते लिहून काढा. दहा मिनिटांचं काम आहे, पण लोक खुर्चीतून उठून केबल ओढतात. आकड्यांचा वरचा हिशेब जुळला तर पॅरिटीच. डावीकडचा बाण, त्याला लागून चौकोनी कंस आणि आकडे असं दिसत असेल तर ती कर्सर हलवायची नि पडदा पुसायची आज्ञा आहे, तुमच्या प्रोग्रॅमला कळत नाही एवढंच. एम्युलेशनमध्ये, म्हणजे कोणत्या टर्मिनलची नक्कल करायची त्या सेटिंगमध्ये, व्हीटी१०० निवडा (हे टर्मिनल १९७८ चं, पण भाषा अजून चालते) आणि सर्व्हरवरही टर्मिनलचा प्रकार तोच सांगा. अक्षरं बदलत नसून गळत असतील तर पोर्टवरची चिप बघा. ८२५० चिप आलेलं एकच अक्षर धरून ठेवते, १६५५०ए सोळा. ८२५० असेल तर बॉड रेट उतरवा.

एक सांगायचं राहिलं. ७-ई-१ केलंत तर एक्समोडेम या फाइल पाठवायच्या पद्धतीने फाइल पाठवता येणार नाही, त्याला पुरे आठ बिट लागतात. फायली पाठवायच्या असतील तर आपल्या बाजूला हात न लावता सर्व्हरचीच लाइन आठ बिट, पॅरिटी नाही अशी करून घ्या.

आणि हो, केबलनेही अक्षरं बिघडतात, नाही म्हणत नाही. ग्राउंड नीट नसेल किंवा तार फार लांब असेल तर. सिरियल पोर्टच्या आरएस-२३२-सी या जुन्या मानकात ५० फुटांपर्यंत ठेवा असं म्हटलंय. साहेब, आपली सहा फुटांची होती.