देवस्थानच्या वेबसाइटवरचे जत्रेचे फोटो वेबपी करावेत की एव्हिफ?

तुमची अडचण मला अशी समजली: गोव्यात फोंडा तालुक्यातल्या तुमच्या देवस्थानची वेबसाइट गावात वायफायवर बरी उघडते, पण मुंबईला लोकलमध्ये असलेले महाजन (देवस्थानचे सभासद) आणि काणकोणच्या डोंगराआडचे कुळावी (हे कुलदैवत मानणारी कुटुंबं) जत्रेचे फोटो दिसायची वाट बघत बसतात. वेबपी आणि एव्हिफ ही फोटो लहान फाइलमध्ये साठवायची नवी फॉरमॅट्स; सगळे फोटो एकदम एव्हिफ केले तर प्रश्न सुटेल का, असं तुम्ही विचारलंय.

अर्धा सुटेल. मी म्हापशाला राहून अशा छोट्या वेबसाइट्सचंच काम करतो. फॉरमॅटच्या आधी मी फोटोची लांबीरुंदी बघतो. साधा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेल असतो, म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल. बघणाऱ्याच्या मोबाइलची स्क्रीन मात्र बहुधा हजार-बाराशे पिक्सेल रुंद. तोच फोटो १२०० बाय ९०० केला की पिक्सेल अकरा पटींनी कमी होतात आणि बघणाऱ्याला फरक कळत नाही. इतकी बचत कुठलाही फॉरमॅट एकट्याने करून देत नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. फाइल कितीही दाबलेली असो, स्क्रीनवर दाखवण्यासाठी ब्राउझरला ती उलगडावी लागते आणि मग एका पिक्सेलला साधारण ४ बाइट लागतात. म्हणजे ४००० बाय ३००० चा फोटो पूर्ण उलगडला की मेमरीत ४८ एमबी, मग तो नेहमीचा जेपीईजी असो नाहीतर एव्हिफ. गॅलरीत असे दहा फोटो आले की स्वस्तातला मोबाइल अडखळणारच. नेटवर्कला दोष देण्याआधी हे बघा.

आता फॉरमॅटकडे येऊ. जेपीईजी १९९२ सालचं. वेबपी गूगलने २०१० मध्ये आणलं, व्हीपी८ या व्हिडिओ तंत्रावरून. एव्हिफ २०१९ मध्ये एव्ही१ या व्हिडिओ तंत्रावरून आलं. दोन्ही फॉरमॅट व्हिडिओची एक फ्रेम साठवावी तसा फोटो साठवतात. गूगलच्या स्वतःच्या मोजणीत वेबपी तशाच दर्जाच्या जेपीईजीपेक्षा २५ ते ३४ टक्के लहान येतं. एव्हिफ बहुधा त्याहूनही लहान. ब्राउझरची काळजीही आता फारशी उरलेली नाही: सफारीत वेबपी २०२० पासून चालतं, एव्हिफ २०२२ पासून, मायक्रोसॉफ्टचा एज मागे राहिला होता, तोही जानेवारी २०२४ मध्ये आला.

पण 'सगळे फोटो एकदम' हे मला पटत नाही, कारण जत्रेचे फोटो एका जातीचे नसतात. रात्रीचा दीपस्तंभ घ्या. जेपीईजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे पाडून काम करतं, त्यामुळे जास्त दाबलं की पणत्यांभोवतीच्या काळोखात चौकोन उमटतात. तिथे एव्हिफ छान निभावतं, बिनधास्त वापरा. उलट चिऱ्याची भिंत, शेवाळलेली कौलं, पायऱ्या: एव्हिफ जास्त दाबलं की बारीक दाणा पुसून टाकतं आणि चिऱ्यावर गिलावा मारल्यासारखा दिसतो. अशा फोटोंना दर्जाचा आकडा (रूपांतर करताना निवडायची 'क्वालिटी') थोडा वर ठेवा. वेबपीचा ७५ आणि एव्हिफचा ७५ एक नव्हे, तेव्हा आकड्यांची तुलना करू नका, डोळ्यांनी बघा.

लाल रंगाचं प्रकरण वेगळंच. नेहमीच्या वेबपीत रंगाची माहिती उजेडाच्या मानाने आडवी-उभी निम्म्या बारकाईने साठते. चेहरे, झाडं, आकाश यांत ते जाणवत नाही. पालखीवरच्या लाल वस्त्राच्या कडा किंवा जांबावलीच्या उत्सवासारखा गुलाल असेल तर रंग किंचित फिसकटतो. एव्हिफमध्ये रंग पूर्ण बारकाईने ठेवायची सोय आहे, ती सेटिंगमध्ये शोधून चालू करावी लागते.

सगळ्यात वाईट हाल निमंत्रण पत्रिकेचे होतात. लाल पिवळ्यावर देवनागरी, त्याचा स्कॅन, तोही जेपीईजी. मात्रा-वेलांट्यांभोवती घाण जमते. पत्रिका दाखवायचीच असेल तर दर्जा न घटवणारं वेबपी वापरा. पण खरं तर कार्यक्रम पानावर टाइपच करा. काही केबीत काम होतं, गूगललाही सापडतं, आणि चष्मा लावूनही पत्रिका न वाचता येणाऱ्या आजोबांना अक्षर मोठं करता येतं. पत्रिकेचा फोटो लावून मोकळं व्हायची आपली सवय मला अजिबात आवडत नाही.

वेबसाइट वर्डप्रेसवर असेल तर ५.८ आवृत्तीपासून वेबपी आणि ६.५ पासून एव्हिफ अपलोड होतं. मात्र एव्हिफ तयार करायला प्रोसेसरला बराच वेळ लागतो आणि स्वस्त होस्टिंगवर ते काम अर्ध्यात अडकू शकतं, म्हणून रूपांतर आपल्या कंप्युटरवर उरकलेलं बरं. स्क्वूश हे साधन ब्राउझरमध्येच चालतं, फोटो कुठे पाठवत नाही आणि आधीचं-नंतरचं शेजारी शेजारी दाखवतं. वेबसाइट हाताने लिहिलेली असेल तर 'पिक्चर' टॅगमध्ये आधी एव्हिफ, मग वेबपी, शेवटी जेपीईजी असा क्रम द्या. ब्राउझर त्याला जमणारं पहिलं उचलतो. प्रत्येक फोटोची रुंदी-उंची लिहा, नाहीतर फोटो येताना मजकूर खाली उडतो. खालचे फोटो 'लेझी' करा, म्हणजे बघणारा तिथवर पोचला की मगच येतील, पण सगळ्यात वरचा मोठा फोटो कधीच नको; तो उशिरा आला तर पान उशिरा आलं असंच वाटतं.

फोटो कुठून घेता हेही तपासा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून उचललेला फोटो आधीच एकदा दाबलेला असतो, त्याला पुन्हा दाबून आकार थोडा घटतो, पण चेहरे चिकट होतात. फोटोग्राफरकडून मूळ फाइल्स मागा. आयफोनवाले एचईआयसी (आयफोनचं फोटो फॉरमॅट) पाठवतील, ते आधी बदलून घ्या, कारण क्रोममध्ये ते उघडत नाही.

दोन ठिकाणी जेपीईजीच राहू द्या. एक, लिंक पाठवली की व्हॉट्सअ‍ॅपवर जे छोटं चित्र दिसतं ते, कारण तिथे नवं फॉरमॅट चालेलच याचा भरवसा नको. दुसरं, 'डाउनलोड करा' बटणामागची फाइल. घरच्यांचा पालखीबरोबरचा फोटो लोक स्टुडिओत छापायला नेतात, आणि काउंटरवर एव्हिफ उघडलं नाही तर फोन तुम्हालाच येईल.