रिजेक्शन वाढलं म्हणून ऑपरेटरना ट्रेनिंग द्यायला सांगितलंय. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात ड्रिलिंग लाइनवर रिजेक्शन, म्हणजे बाद होणारे पीस, वाढलंय, प्रॉडक्शन मॅनेजरनी ‘सगळ्या ऑपरेटरना दोन दिवसांचं क्वालिटी ट्रेनिंग लावा’ असं सांगितलंय आणि तुम्ही ट्रेनिंग विभागात नवे आहात.

पीपीटी उघडायच्या आधी थांबा. मॅनेजरनी तुम्हाला थेट उपाय सांगितलाय, दुखणं काय ते अजून कोणी सांगितलेलं नाही. ‘ट्रेनिंगची गरज नाही’ असं मात्र त्यांच्या तोंडावर म्हणू नका. ‘हो, करू’ म्हणा आणि लगेच विचारा: कोणत्या पार्टवर, कधीपासून, कोणता दोष? त्या सुमारास माल, मशीन, माणसं की टार्गेट, काय बदललं? आणि ट्रेनिंग चांगलं झालं तर सहा आठवड्यांनी कोणता आकडा खाली यायला हवा? शेवटच्या प्रश्नावर बरेच जण अडखळतात. तो आकडा त्यांच्याच तोंडून घ्या आणि मेलवर लिहून पाठवा.

‘तुम्हाला कोणतं ट्रेनिंग हवंय?’ असा फॉर्म वाटू नका. एक्सेल, कम्युनिकेशन आणि स्पोकन इंग्लिश एवढंच हाती लागेल.

मग तीन महिन्यांचं रिजेक्शन रजिस्टर घ्या. महिन्याच्या टक्केवारीतून काही कळत नाही. शिफ्ट, मशीन, दोष आणि वेळ असे कॉलम पाडून ते नव्याने मांडा. समजा असं दिसलं, की निम्म्याहून जास्त पीस होल मोठं झाल्याने बाद झालेत आणि तेही तिसऱ्या, म्हणजे रात्रीच्या शिफ्टला. म्हणजे सगळ्या ऑपरेटरना दोन दिवस वर्गात बसवायचा मुद्दा इथेच गळाला.

आता लाइनवर जा. निदान दोन पूर्ण शिफ्ट, त्यातली एक रात्रीची. पहिला अर्धा तास वही काढू नका. वही दिसली की सगळे एसओपीप्रमाणे, म्हणजे कामाच्या ठरलेल्या लेखी पद्धतीप्रमाणे वागतात. सुपरवायझर शेजारी उभा असेल तर शिफ्टभर तसेच वागतात, त्यामुळे त्याला चहाला पाठवा.

तिथे काय सापडू शकतं? रात्री टूल रूम बंद असते. ड्रिल बोथट झालं की ऑपरेटर ते बेंच ग्राइंडरवर हातानेच घासतो. दोन्ही धारा सारख्या लागल्या नाहीत की होल ड्रिलच्या मापापेक्षा मोठं पडतं. आता त्याला धार लावायला शिकवायचं का? शिकवता येईल, पण हात बसायला महिने जातील. त्यापेक्षा टूल रूम बंद व्हायच्या आधी धार लावलेली सहा ड्रिल मशीनजवळच्या ट्रेमध्ये ठेवणं सोपं.

दुसरी गोष्ट गेजची. वर्क इन्स्ट्रक्शन म्हणतं, दर दहाव्या पीसला प्लग गेज (होलचं माप तपासायचा दांडा) लावा. गेज मात्र दोन मशीनमध्ये एकच. जाऊन आणून तपासायला मिनिटभर लागतं आणि पार्ट हाताने लावायचा-काढायचा असल्याने तेवढा वेळ मशीन थांबतं. हिशोब कागदावर मांडा. आठ तासांच्या शिफ्टमधून जेवण-चहाची ५० मिनिटं वजा केली की ४३० उरतात. टार्गेट ६०० पीस, सायकल टाइम (एका पीसला लागणारा वेळ) ४२ सेकंद, म्हणजे ४२० मिनिटं. ६० वेळा गेज लावायचा तर आणखी ६० मिनिटं हवीत, आणि शिल्लक आहेत दहा. त्यात इन्सेंटिव्ह पीसवर असेल तर गेज कोण लावणार? इथे ‘क्वालिटी अवेअरनेस’चं सेशन घेतलंत तर ऑपरेटर माना डोलावतील आणि मनात हसतील. हा हिशोब मात्र मॅनेजरपुढे ठेवला की बोलणं पुढे सरकतं.

एवढं झाल्यावर कौशल्य तपासा. कामातल्या चुका कशामुळे होतात यावर पुस्तक लिहिणाऱ्या रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप यांची १९७० पासूनची कसोटी इथे उपयोगी आहे: जिवावरच बेतलं तर या माणसाला हे काम जमेल का? जमत असेल तर अडचण शिकवण्याची नाही. प्रत्यक्षात हे करायचं असं: क्वालिटीवाल्यांकडून २० पीस घ्या, त्यात सात-आठ बाद झालेले, दोन-तीन अगदी सीमेवरचे. प्रत्येक ऑपरेटरला एकटं बोलावून ओके आणि नॉट ओके वेगळे करायला सांगा. जुने बहुतेक बरोबर ओळखतील. नवे कंत्राटी कामगार बरवर (होलच्या कडेला राहिलेल्या धातूच्या खरखरीत कोरेवर) अडकले, किती बर चालते हेच त्यांना ठरवता आलं नाही, तर तुमचं खरं ट्रेनिंग तेवढंच. एकदा त्याच २० पीसांवर दोन क्वालिटी इन्स्पेक्टरनाही बसवून बघा. त्यांचंच एकमत होत नसेल तर आधी लिमिट सॅम्पल (कुठपर्यंत ओके ते दाखवणारा नमुना पीस) ठरवून घ्यावं लागेल, ऑपरेटरला दोष देता येत नाही.

ट्रेनिंग लाइनवरच, शिफ्ट सुरू होताना २० मिनिटं, चार दिवस. मंजूर केलेलं लिमिट सॅम्पल हातात द्या, बोट कुठून फिरवायचं ते दाखवा आणि शेवटी तीच २० पीसांची चाचणी पुन्हा घ्या, पीस बदलून.

वरून ‘ऑडिटला हजेरीपत्रक लागतं’ असं ऐकू येईलच. आयएसओ ९००१ या क्वालिटीच्या मानकातलं कलम ७.२ काढून दाखवा. तिथे उपायाचा परिणाम तपासायलाही सांगितलंय. चाचणीचे आधीचे-नंतरचे गुण फाइलला लावा आणि पुढचे चार आठवडे त्याच रजिस्टरमधून तिसऱ्या शिफ्टचे आकडे वेगळे काढत राहा. ड्रिलचा ट्रे, जादा गेज आणि हे ट्रेनिंग एकाच दिवशी सुरू करू नका, आठवड्याचं अंतर ठेवा. नाहीतर फरक कशाने पडला ते तुम्हालाही सांगता येणार नाही.