धारदार निगेटिव्हसाठी डेव्हलपर कोणता?

प्रश्न : सिद्धेश्वर मंदिराचे फोटो एचपी-५ या कृष्णधवल फिल्मवर काढतो, डी-७६ हे डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारे रसायन) पाणी न घालता वापरतो. ग्रेन (चित्रातले रवे) बारीक येतो, पण दगडी कामाच्या कडा मऊ दिसतात. लेन्स बदलू का? (जुळे सोलापूर)

उत्तर : लेन्सला कशाला बोल लावता! डी-७६ मध्ये लिटरमागे १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट असते. ते चांदीच्या कणांच्या कडा थोड्या विरघळवते. त्यामुळे ग्रेन बारीक दिसतो, पण धार बोथट होते. तेच डेव्हलपर तेवढेच पाणी घालून (१:१) वापरा, वेळ तक्त्याप्रमाणे वाढवा आणि काम झाले की ओतून द्या. आणखी एक फायदा होतो. पातळ डेव्हलपर निगेटिव्हच्या दाट भागात लवकर थकते, शेजारच्या विरळ भागात ताजेच असते. जिथे दोन्ही भिडतात तिथे दाट कड जास्त दाट होते, विरळ कड जास्त विरळ. डोळ्याला हीच धार वाटते. डेव्हलपिंगची टाकी मात्र सारखी घुसळत राहू नका. मिनिटातून एकदा सावकाश उलटली की पुरे.

प्रश्न : मग सरळ रॉडिनलच घ्यावे का?

उत्तर : १८९१ पासूनचे हे डेव्हलपर धारेला पक्के आहे, पण ग्रेन लपवत नाही. एफपी-४ सारख्या मंद (प्रकाशाला कमी संवेदनशील) फिल्मला १:५० प्रमाणात (एक भाग डेव्हलपर, पन्नास भाग पाणी) छान. एचपी-५ ला मी देणार नाही. आभाळ रवाळ होते.

प्रश्न : मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी कढत असते. आयडी-११ डेव्हलपरचे काय करावे? (होटगी रोड)

उत्तर : डेव्हलपरमध्ये बर्फ टाकू नका, प्रमाण बिघडते. बाटल्या टबात ठेवा आणि बर्फ त्या टबात घाला. एचपी-५ ला १:१ मध्ये २० अंशांवर १३ मिनिटे लागतात, २४ अंशांवर सुमारे ९. पाच मिनिटांच्या खाली जाऊ नका, डाग पडतात. फिक्सर (चित्र पक्के करणारे रसायन) आणि धुण्याचे पाणीही त्याच तापमानाचे हवे, नाहीतर इमल्शनला (फिल्मवरच्या चित्राच्या थराला) सुरकुत्या पडतात.

प्रश्न : यंत्रमागावरच्या चादरीचे धागे ट्रायपॉड लावूनही धूसर येतात.

उत्तर : इथे डेव्हलपर निर्दोष. माग चालू असताना शेडची जमीनच थरथरते, ट्रायपॉड काय करणार? जेवणाच्या सुट्टीत माग थांबले की फोटो काढा.