मिशन दौरा आणि परदेशातल्या मुलांची फी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : आमच्या मंडळीचा (चर्चचा) युवक संघ ऑगस्टमध्ये दोन आठवडे केनियाला जाणार आहे. तिथल्या शाळेच्या भिंती रंगवायच्या आणि मुलांना शिकवायचं, असा बेत आहे. तयारी कशी करावी?

आधी महिना बदला. केनियात शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि एप्रिल, ऑगस्ट व वर्षअखेरीला सुट्ट्या असतात. तुम्ही ऑगस्टमध्ये पोहोचलात तर तुमच्यासाठी म्हणून मुलांना सुट्टीत शाळेत बोलावलं जाईल, आणि पाहुण्यांना नाही म्हणणं तिथल्या पाळकांना (धर्मगुरूंना) जड जाईल.

भिंतींचं म्हणाल, तर रंगारी तिथेही आहेत. त्यांना काम मिळू द्या, रंगाचे आणि मजुरीचे पैसे तुम्ही भरा. तुमच्या गटात कुणी नर्स असेल, कुणाला हिशेब लिहिता येत असेल, कुणी विजेची कामं करत असेल, तर ती यादी आधी तिथल्या मंडळीकडे पाठवा. त्यातलं काय हवं ते त्यांनाच ठरवू द्या. ‘काही नको, आमच्याबरोबर उपासनेला बसा, घरी जेवायला या,’ असं उत्तर आलं तरीही जरूर जा. मला तर तोच दौरा सगळ्यात चांगला वाटतो.

कागदपत्रांचंही सांगते. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी सुरू केली आहे. अर्जात येण्याचं कारण खरं लिहा. शिकवायचं किंवा रुग्ण तपासायचे असतील तर वेगळा परवाना लागेल का, हे यजमानांकडून आधीच विचारून घ्या. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी टोचून घ्या. तिचं प्रमाणपत्र २०१६ पासून आयुष्यभर चालतं.

प्रश्न : केनियात शिक्षण मोफत आहे असं वाचलं. मग प्रायोजकाचे, म्हणजे मुलाचा खर्च उचलणाऱ्या दात्याचे, पैसे कशाला लागतात? आणि ते मुलापर्यंत पोहोचतात का?

प्राथमिक शिक्षण केनियात २००३ पासून मोफत आहे, शेजारच्या युगांडात १९९७ पासून. पण मोफत असते ती शिकवणी. गणवेश, दुपारचं जेवण, वह्या, बूट हा खर्च घरावरच पडतो. माध्यमिक निवासी शाळेचं प्रवेशपत्र आलं की त्यासोबत सामानाची यादी येते : कुलूप लागणारी पत्र्याची पेटी, गादी, ब्लँकेट, गणवेशाचे जोड, कंपासपेटी. प्रवेश मिळूनही या यादीपाशी अडलेली मुलं असतात. पश्चिम केनियातल्या एका मोठ्या अभ्यासात मुलींना नुसते गणवेश मोफत दिले, तेवढ्यानेही शाळा सोडण्याचं, लवकर लग्नाचं आणि कोवळ्या वयातल्या गरोदरपणाचं प्रमाण घटलं.

आता पैसे पोहोचण्याबद्दल. मोठ्या संस्थांची पद्धत एकसारखी नाही. १९५० मध्ये सुरू झालेली वर्ल्ड व्हिजन तुमची रक्कम त्या मुलाच्या संपूर्ण वस्तीसाठी वापरते, म्हणजे पाणी, आरोग्य, शाळा वगैरे. १९५२ मध्ये कोरियातल्या मुलांसाठी सुरू झालेली कम्पॅशन इंटरनॅशनल स्थानिक मंडळीमार्फत त्या मुलावर थेट खर्च करते. दोन्ही पद्धती प्रामाणिक असू शकतात. पण फोटो एका मुलाचा आणि खर्च वस्तीचा, हे देणाऱ्याला आधी ठाऊक असायला हवं, नाहीतर पुढे फसवल्यासारखं वाटतं.

उपयोग होतो का, याचंही उत्तर आहे. अर्थशास्त्रज्ञ ब्रूस वायडिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कम्पॅशनच्या कामाचा केनिया व युगांडासह सहा देशांत अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रायोजक मिळालेली मुलं सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली, आणि मोठेपणी पगाराची नोकरी मिळण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं.

ओळखीच्या मंडळीमार्फत स्वतःच फी भरणार असाल तर रक्कम कुणा व्यक्तीच्या हाती देऊ नका, शाळेच्या खात्यात भरा. केनियातल्या बऱ्याच शाळा एम-पेसावरून, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या सेवेवरून, फी घेतात. पावती मात्र मुलाच्या आईकडे किंवा आजीकडे गेली पाहिजे, आणि तुम्हाला तिची प्रत. मुलाला शाळेत घालणारं घर त्याचं आहे. शाळेच्या दारात पालक म्हणून त्याच घरातलं माणूस उभं राहायला हवं.

प्रश्न : मागच्या दौऱ्यात एक अनाथाश्रम पाहिला. मुलं गळ्यात पडली, निघताना सगळेच रडलो. आता त्या आश्रमाला दरमहा मदत पाठवायची आहे.

तुमच्या अश्रूंबद्दल मला आदर आहे, तरी थांबा. जगभरातल्या अनाथाश्रमांतल्या मुलांपैकी बहुतेकांचे आई किंवा वडील, निदान एक तरी हयात असतात. मुलांसाठी काम करणाऱ्या ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेने २००९ मध्ये हे प्रमाण पाचात चार असं मांडलं होतं. मूल तिथे येतं ते बहुतेकदा गरिबीमुळे आणि आश्रमात शाळा व जेवण मिळतं म्हणून. परदेशी देणग्या वाढल्या की आश्रम वाढतात, आणि ते भरायला मुलं शोधली जातात. २०१० च्या भूकंपानंतर हैतीतून ३३ मुलांना सीमेपार नेताना एका अमेरिकन बाप्टिस्ट गटाला अटक झाली. त्या मुलांपैकी अनेकांचे आईवडील जिवंत होते. केनिया सरकारने २०१७ मध्ये नव्या बालसंस्थांची नोंदणीच थांबवली.

अनोळखी माणसाच्या गळ्यात लगेच पडणारं मूल पाहून आपल्याला भरून येतं. बालमानसशास्त्र जाणणाऱ्याला मात्र त्यात माणसं सतत बदलत गेल्याची खूण दिसते. दर महिन्याला नवे पाहुणे येतात, जीव लावतात आणि निघून जातात.

आश्रमाला तीन प्रश्न विचारा. किती मुलांचे पालक हयात आहेत? गेल्या वर्षी किती मुलं घरी परतली? तीच फी मुलाला त्याच्या आजीकडे ठेवून भरता येईल का? उत्तरं देताना टाळाटाळ झाली तर तुमचे पैसे दुसऱ्या कामाला लावा.

प्रश्न : आम्ही ज्या मुलीची फी भरतो तिचं कुटुंब मुस्लिम आहे. तिने रविवारच्या शाळेला यावं, अशी अपेक्षा ठेवणं चूक आहे का?

फीला अट लावणं चूक आहे. तिला बोलवा, तिच्या घरच्यांना विचारून बोलवा, आणि ती आली नाही तरी फी त्याच तारखेला भरा. रेड क्रॉस आणि मदत संस्थांच्या १९९४ च्या आचारसंहितेतही मदतीचा वापर धार्मिक भूमिका पुढे रेटण्यासाठी करू नये, असं म्हटलं आहे. पण आपल्याला त्या संहितेची गरज पडू नये. येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला एकच परतला. बाकीच्या नऊंचा रोग काही परत आला नाही.

प्रश्न : माझी नोकरी गेली आहे. मी फी भरते त्या मुलाच्या शाळेची दोन वर्षं बाकी आहेत. त्याला कसं सांगू?

आजच सांगा. केनियातलं शालेय वर्ष नोव्हेंबरच्या आसपास संपतं, निदान तोवरची फी भरता आली तर त्याला अधल्यामधल्या सत्रात शाळा सोडावी लागणार नाही. संस्थेमार्फत देत असाल तर ती दुसरा प्रायोजक शोधते, पण त्याला वेळ लागतो. थेट देत असाल तर तुमच्या मंडळीतल्या चार-पाच घरांना विचारा, खर्च वाटून घेता येतो. मुलाला पत्र तुम्हीच लिहा, सोप्या शब्दांत : माझं काम गेलंय, तुझं काही चुकलं नाही. अचानक पत्रं बंद झाली की मुलं आपलंच काहीतरी चुकलं असं धरून बसतात.